कांताऱ्याची शिटी

मराठी घरांतील एकेक वस्तु उचलून "ही कोणीं केली?" असा प्रश्न विचारीत गेलें, तर एका कारागिराचें नांव वारंवार घ्यावें लागेल, आणि तेंच नांव बहुतेकांस आतां आठवत नाहीं. स्वयंपाकघरांतील लाटणें, ताक घुसळण्याची रवी, देवघरांतील चौरंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, जिन्याच्या कठड्याचे गज, आजोबांच्या काठीची मूठ, मुलांचा भोंवरा, या सर्वांना गोलाई आली ती एकाच यंत्रावर. त्या यंत्रास खराद म्हणतात आणि तें चालविणारास कांतारी. कोणी त्यास कातारी म्हणतात, कोणी खरादी. सुतार आपणांस ठाऊक असतो, कारण तो घरीं येतो. कांतारी आपल्या दुकानांतच बसतो. त्याची वस्तु घरोघर पोंचते आणि तो मात्र कोणाच्या घरीं पोंचत नाहीं.

या कारागिराकडे वाचकांचें लक्ष वळविण्यास आम्हीं एक अगदीं लहान वस्तु निवडली आहे. ती म्हणजे खरादावर केलेली लांकडी शिटी. बासरीचीच ती धाकटी बहीण. चार बोटें लांबीच्या या वस्तूंत संस्कृत साहित्य, संगीतशास्त्र, पदार्थविज्ञान आणि हस्तकौशल्य हीं चारहि एकत्र नांदतात. ज्या घरांत मुलें शिकत आहेत त्या घरांत ती बाजारांतून आणण्यापेक्षां करविली जावी, आणि तिचा थोडा तरी भाग मुलाच्या हातून व्हावा, असें आमचें म्हणणें आहे. तें केवळ हौसेचें नाहीं, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम खरादाची ओळख करून घेऊं. आज शहरांतील दुकानांत खराद विजेच्या मोटारीवर फिरतो. परंतु त्याचें मूळ रूप फार साधें आहे. दोन खुंट, त्यांना समोरासमोर बसविलेले दोन लोखंडी सुळे, आणि त्या सुळ्यांच्या टोंकांत दोन्ही बाजूंनीं पकडलेला लांकडाचा तुकडा. तुकड्याला दोरीचे एकदोन वेढे घालावयाचे आणि दोरीचीं टोंकें आळीपाळीनें ओढावयाचीं. हें ओढण्याचें काम मदतनीस करतो. काम लहान असेल तर कांतारी जमिनीवर बसून स्वतःच एका हातानें कमान मागेंपुढें चालवितो आणि दुसऱ्या हातांतील पटाशी पायाच्या बोटांचा आधार देऊन स्थिर धरतो. यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, लांकूड एकदां पुढें फिरतें व एकदां मागें. पटाशी कापते ती लांकूड धारेवर चालून येतें त्या फेऱ्यालाच. उलट फेऱ्याला ती केसभर मागें घ्यावी लागते. ओढ, काप, सोड, पुन्हां ओढ, अशी त्या कामाला एक लय असते. लय चुकली कीं लांकडावर ओरखडा उठलाच.

ही लय फार जुनी आहे. पाली मज्झिमनिकायांतील सतिपट्ठानसुत्तांत श्वासोच्छ्वासाकडे लक्ष कसें ठेवावें हें समजावून देतांना भगवान् बुद्धांनीं याच कारागिराचा दाखला घेतला आहे. कुशल भ्रमकार किंवा त्याचा शिष्य लांब ओढ घेतो तेव्हां आपण लांब ओढ घेत आहों हें तो जाणतो, आंखूड ओढ घेतो तेव्हां तेंहि जाणतो. त्याप्रमाणें भिक्षूनें आपला दीर्घ आणि ऱ्हस्व श्वास जाणावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. दृष्टान्त नेहमीं श्रोत्यांच्या ओळखीचा घ्यावयाचा असतो. तेव्हां अडीच हजार वर्षांपूर्वींच्या त्या समाजांत कांतारी आणि त्याच्या हाताखालचा उमेदवार हे दोघेहि लोकांच्या नित्य पाहण्यांतले होते, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

पालींतील 'भमकार' हा शब्द संस्कृत 'भ्रम' शब्दावरून आला आहे. भ्रम म्हणजे फिरणें; भ्रम म्हणजे फिरतें यंत्र, अर्थात् खराद; आणि बुद्धि फिरली म्हणजे जें होतें तोहि भ्रमच. एका शब्दाचे हे तीन अर्थ विद्यार्थ्यांस सांगितले कीं वर्गांत हंशा पिकत असे. विष्णुपुराणांत अशी कथा आहे कीं, सूर्याचें तेज त्याची पत्नी संज्ञा हिला सहन होईना, तेव्हां तिच्या पित्यानें, विश्वकर्म्यानें, सूर्यालाच खरादावर चढविलें आणि त्याच्या तेजाचा आठवा हिस्सा तासून काढला. त्याहून अधिक तासणें त्यालाहि शक्य झालें नाहीं. खालीं पडलेला तो तेजोमय भुसा वायां गेला नाहीं. त्यांतून विष्णूचें चक्र, शंकराचा त्रिशूळ आणि कार्तिकेयाची शक्ति हीं घडलीं. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत इंदुमतीच्या स्वयंवरास आलेल्या अवंतिनाथाचें वर्णन करतांना कालिदासाला हाच खरादावरचा सूर्य आठवला आहे. टीका वाचून 'भ्रम' शब्दाचा अर्थ कळतो. परंतु फिरत्या लांकडावरून उडणाऱ्या लांब, पातळ, चकचकीत ढलप्या ज्यानें पाहिल्या असतील, त्याला ती उपमा दिसते. कळणें आणि दिसणें यांतील हें अंतर आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

आतां फुंकरीकडे वळूं, आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस डोंगरांत जीं बौद्ध लेणीं आहेत, त्यांतील सातव्या लेण्यांत एक प्रसिद्ध नृत्यशिल्प आहे. मध्यें नर्तकी आणि भोंवतीं वाद्यें घेऊन बसलेल्या स्त्रिया. त्या वाद्यांत बासरीहि आहे. तेथून दौलताबादेस, म्हणजे जुन्या देवगिरीस जाण्याचा रस्ता अवघा पंधरा किलोमीटरांच्या आसपासचा. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें यादव राजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा एक अधिकारी होता. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. त्याचे आजोबा भास्कर दक्षिणेंत आले. शार्ङ्गदेव राजाच्या हिशेबखात्याचा मुख्य, ज्याला त्या काळीं श्रीकरणाधिप म्हणत. दिवसभर जमाखर्च पाहणाऱ्या या गृहस्थानें 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, आणि हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही संगीतपद्धतींत तो आजहि प्रमाण मानला जातो. पुण्याच्या आनंदाश्रमानें कल्लिनाथाच्या टीकेसह तो १८९६-९७ सालीं छापून प्रसिद्ध केला.

या ग्रंथाच्या सहाव्या, म्हणजे वाद्याध्यायांत बासरीचें जें वर्णन आहे तें कांताऱ्याच्या दुकानांत बसून वाचण्यासारखें आहे. बासरी बांबूची असावी हें तर आहेच. परंतु ती खैराची, हस्तिदंताची, चंदनाची, रक्तचंदनाची, तसेंच लोखंड, कांसें, रुपें किंवा सोनें यांचीहि असूं शकते, असें ग्रंथकार सांगतो. ती वाटोळी, सरळ आणि गुळगुळीत असावी, तिला गांठ, चीर किंवा व्रण नसावा, आणि तिची आंतील पोकळी करंगळी जाईल एवढी असावी. बांबूला ही पोकळी निसर्गानेंच दिलेली असते. खैर मात्र आंतून भरीव आणि लोखंडासारखा कठीण. त्याची बासरी करावयाची म्हणजे करंगळीएवढें भोंक एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ पाडलें पाहिजे आणि बाहेरचा आकार वाटोळा व गुळगुळीत केला पाहिजे. हें काम खरादाचें आहे. ग्रंथांत कांताऱ्याचें नांव नसलें तरी त्या वर्णनामागें त्याचा हात उभा आहे.

पुढें शार्ङ्गदेव मापें देतो, आणि तेथें त्याच्यांतला हिशेबनीस जागा होतो. फुंकण्याचें छिद्र आणि त्यापुढचें तारस्वराचें छिद्र यांत किती अंगुळें अंतर आहे यावरून त्यानें बासऱ्यांचीं नांवें दिलीं आहेत. एक अंगुळ अंतराची ती एकवीर, तीन अंगुळांची त्रिपुरुष, चार अंगुळांची चतुर्मुख, पांचांची पंचवक्त्र, सहांची षण्मुख, सातांची मुनि, आठांची वसु, अकरांची रुद्र, बारांची आदित्य आणि चौदांची मनु. नांव उच्चारलें कीं माप आठवलें! सप्तर्षि, अष्टवसु, एकादश रुद्र आणि द्वादश आदित्य ज्या मुलास पाठ आहेत, त्याला हें कोष्टक वेगळें पाठ करावें लागत नाहीं. याच अध्यायांत बासरीच्या बहिणी म्हणून पाव, पाविका आणि मुरली यांचींहि वर्णनें आहेत. गुराख्याचा जो 'पावा' आपण म्हणतों, त्याचें नांव देवगिरीच्या दरबारांतील संस्कृत ग्रंथांत असें मानानें बसलें आहे.

एवढ्या प्रस्तावनेनंतर प्रत्यक्ष शिटी कशी करतात तें पाहूं. लांकूड घट्ट, बारीक रेषांचें आणि पूर्ण वाळलेलें असावें. शिसवी उत्तम, मोडक्या पलंगाच्या सागवानी पायाचा तुकडाहि चालतो. ओलें लांकूड घेतल्यास शिटी पुढें वाळतांना तडकते किंवा वाकडी होते. सुमारें तीन सेंटिमीटर जाडीचा चौकोनी तुकडा, तयार शिटीपेक्षां थोडा लांब, असा घ्यावा. शिटीची लांबी आपण साडेदहा सेंटिमीटर धरूं.

नवशिक्याची समजूत अशी असते कीं, आधीं बाहेरून छान गोल आकार द्यावा आणि मग आंत भोंक पाडावें. कांतारी याच्या उलट करतो, आणि सगळी खुबी तेथेंच आहे. लांबीच्या दिशेनें भोंक पाडतांना गिरमिटाचें टोंक लांकडाच्या रेषांबरोबर सरकतें आणि मध्यापासून थोडें तरी बाजूला जातेंच. बाहेरचा आकार आधींच झालेला असेल, तर शिटीची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ राहते. मग तिला कितीहि घांसलें तरी उपयोग नसतो. म्हणून कांतारी चौकोनी तुकड्यालाच प्रथम बारा मिलिमीटरांचें भोंक आरपार पाडतो. त्यांतहि लांकूड फिरतें ठेवून गिरमिट स्थिर धरलें म्हणजे भोंक मध्याशीं अधिक इमान राखतें. नंतर भोंकाच्या दोन्ही तोंडांत निमुळत्या खुंट्या बसवून त्या खुंट्यांच्या मध्यावर तो तुकडा खरादाच्या सुळ्यांत धरतो. आतां लांकूड फिरतें तें आपल्या पोकळीच्या मध्याभोंवतीं. पटाशी बाहेरून जें तासते तें आपोआप त्या पोकळीला समांतर होतें. बाहेरचा व्यास वीस मिलिमीटरांवर आला कीं चारहि बाजूंनीं भिंत सारखी चार मिलिमीटर भरते. आंतलें आधीं आणि बाहेरचें त्याच्या अनुरोधानें, असा हा दंडक आहे.

नळी तयार झाली. आतां तिला ओठ आणि खिडकी करावयाची. फुंकण्याच्या टोंकापासून अडीच सेंटिमीटरांवर बारीक करवतीनें उभा काप घ्यावा. त्या कापापुढें बाहेरून आंत उतरत जाणारा तिरपा काप घेऊन चार मिलिमीटर लांब आणि आठ मिलिमीटर रुंद अशी खिडकी मोकळी करावी. तिरप्या कापाची जी पातळ धार उभ्या कापासमोर येते, तोच शिटीचा ओठ. धार स्वच्छ पाहिजे. तिच्यावर एक तूस राहिलें तरी सूर फाटतो. मग भोंकांत नेमकें बसेल असें अडीच सेंटिमीटर लांबीचें लांकडी बूच खरादावरच उतरवावें आणि त्याची वरची बाजू कानशीनें सपाट करावी, इतकी कीं बूच आंत बसविल्यावर त्याच्या व नळीच्या मध्यें सुमारें एक मिलिमीटर उंचीची फट राहील. हीच फुंकरीची वाट. बुचाचा आंतला शेवट उभ्या कापाशीं बरोबर जुळला पाहिजे. बुचाच्या रेषा नळीच्या रेषांच्या दिशेनेंच असाव्या आणि तें ठोकून बसवूं नये. तोंडाच्या ओलाव्यानें तें फुगतें, आणि फार घट्ट असल्यास नळीच उकलते.

बूच सपाट करण्याचें काम मुलाला द्यावें. त्याला धारेचें शस्त्र लागत नाहीं, कानस पुरते. दोनतीन वेळां घांसावें, बूच बसवून फुंकावें, पुन्हां काढून घांसावें. प्रथम नुसती हवा जाते. मग खरखर येते. मग एका क्षणीं, कानशीच्या शेवटच्या दोन हातांनीं, स्वच्छ सूर निघतो. तो सूर ऐकणाऱ्या मुलाची मुद्रा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना पुढील शास्त्र शिकविण्यास वेगळी प्रस्तावना लागणार नाहीं.

तें शास्त्र असें. फटींतून निघालेला हवेचा पातळ पडदा समोरच्या धारेवर आदळतो आणि धारेच्या कधीं आंत, कधीं बाहेर असा हेलकावे घेऊं लागतो. त्या हेलकाव्यांनीं नळींतील हवेचा स्तंभ हालतो, आणि तो स्तंभ उलट त्या पडद्याला आपल्या लांबीप्रमाणें ताल लावून देतो. म्हणजे गाते ती आंतली हवा. लांकूड तिला केवळ आकार आणि सीमा देतें. आपल्या शिटींत बूच सोडून आठ सेंटिमीटर पोकळी उरली. वीस अंश सेल्सिअस उष्णतेच्या हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. दोन्ही टोंकें मोकळीं असलेल्या नळींत मूळ सुराची तरंगलांबी नळीच्या दुप्पट असते. येथें ती सोळा सेंटिमीटर झाली. ३४३ ला ०.१६ नें भागल्यास सेकंदाला सुमारें २१४४ कंपनें येतात. आतां नळीचें दूरचें टोंक तळहातानें बंद करून हळू फुंकावें. तरंगलांबी नळीच्या चौपट, म्हणजे बत्तीस सेंटिमीटर होते आणि कंपनें निम्म्यावर, म्हणजे १०७२ वर येतात. प्रत्यक्षांत टोंकांशीं असलेल्या हवेमुळें दोन्ही आंकडे थोडे खालीं उतरतात. तरीपण सूर साधारण एक सप्तक खालीं आला हें कानाला तत्काळ कळतें. मंद्राच्या दुप्पट मध्य आणि मध्याच्या दुप्पट तार हें प्रमाण शार्ङ्गदेवानें आपल्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांतच सांगितलेलें आहे. तेंच प्रमाण आठ वर्षांच्या मुलाच्या तळहातावर येऊन बसतें.

शिटीवर तेलरंग चढवूं नये, कारण ती तोंडांत धरावयाची असते. आंतून जवसाच्या शुद्ध तेलाचा पातळ हात देऊन ती आठपंधरा दिवस वाळूं द्यावी. बाहेरून रंग हवाच असेल तर लाखेचा द्यावा. कर्नाटकांतील चन्नपट्टण येथें खेळण्यांवर रंग चढवितात तो असाच: फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून पसरते, आणि केवड्याच्या जातीच्या पानानें ती घोटली कीं आरशासारखी चकाकी येते. महाराष्ट्रांत सावंतवाडीच्या चितारआळीचें नांव लांकडी खेळण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील फळें, भोंवरे, भातुकलीचीं भांडीं एके काळीं कोंकणांतून आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवींत असत. पांगाऱ्यासारखें हलकें लांकूड त्या कामाला सोईचें. शिटीला मात्र घट्ट लांकूडच हवें, हा भेद ध्यानांत ठेवावा.

यावर आमच्या वर्गांतील वडीलधाऱ्या मंडळींचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. "आमचा मुलगा अभियंता व्हावयाचा, त्यानें कांताऱ्याच्या दुकानांत भुशांत कशाला बसावें? दहा रुपयांना प्लॅस्टिकची शिटी मिळते." आक्षेपांतला दुसरा भाग खरा आहे. प्लॅस्टिकची शिटी वाजते, टिकते आणि स्वस्त पडते. परंतु ती कशी झाली हें तिच्याकडे पाहून कळत नाहीं आणि ती बिघडली तर दुरुस्त होत नाहीं. तिच्यापासून मूल एवढेंच शिकतें कीं वस्तु या विकत मिळतात. पहिल्या भागाबद्दल मात्र आम्हांस अधिक बोलावयाचें आहे.

पुस्तक एका घरांत आणि हत्यार दुसऱ्या घरांत, अशी वांटणी आपल्या समाजांत शतकानुशतकें चालत आली. पुस्तकवाल्या घरानें हत्याराला कमी लेखलें, हें कबूल केलें पाहिजे. त्याचा तोटा दोघांनाहि झाला. ज्याच्या हातांत मापें होतीं त्याला तीं लिहितां आलीं नाहींत. ज्याला लिहितां येत होतें त्याला लांकडाच्या रेषा वाचतां आल्या नाहींत. शार्ङ्गदेवाचें मोठेपण आम्हांस यांत दिसतें कीं, राजदरबारीं मानाच्या जागेवर बसलेल्या या पंडितानें करंगळीएवढ्या भोंकाचें आणि लांकडांतल्या गांठीचें वर्णन करण्यांत कमीपणा मानला नाहीं. वेरूळचें दहावें लेणेंहि हेंच सांगतें. तेथील चैत्यगृहाच्या दगडी छतांत लांकडी वासे असावेत तशा कमानी कोरल्या आहेत. लोकांनीं त्या लेण्याला विश्वकर्म्याचें नांव दिलें आणि बोलतांना 'सुताराची झोंपडी' म्हटलें. दगडाच्या कारागिरानें लांकडाच्या कारागिराला दिलेला तो मुजराच नव्हे काय?

शिक्षणशास्त्रालाहि ही गोष्ट अपरिचित नाहीं. १९३७ सालच्या वर्धा येथील शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची कल्पना मांडली. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनीं दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावें, असें सुचविलें आहे. दोन्ही सूचना चांगल्या आहेत. परंतु सूचना कागदावर राहते कीं मुलाच्या हातांत उतरते, हें शेवटीं घरच्या वडील माणसांच्या मनावर अवलंबून असतें. आजोबांनीं "कपडे मळतील" म्हटलें कीं धोरण संपलें!

इकडे कांताऱ्याचीहि बाजू पाहिली पाहिजे. पूर्वीं खाटा, पाळणे, चरखे, कठडे या सर्वांना त्याचा हात लागत असे. आतां पलंग पेटीसारखे चौकोनी झाले, कठडे पोलादाचे आले, आणि एकसारख्या शेंकडों नगांचें काम कारखान्यांतील नक्कल करणारें यंत्र करूं लागलें. बापाजवळ बसून कमान ओढणारा मुलगा दुसऱ्या कामाला गेला, यांत त्याचा दोष नाहीं. पोट कोणाला चुकलें आहे? परंतु त्या घरांतून नुसता धंदा उठत नाहीं. कोणत्या लांकडाची रेषा कोठें वळते, पटाशीचा आवाज बदलला म्हणजे काय समजावें, भोंक वांकडें चाललें हें हाताला कसें कळतें, हें सारें ज्ञान त्याच्याबरोबर उठून जातें. तें कोणत्याहि आनंदाश्रमांत छापलेलें नाहीं. आणि तें छापावयाचें म्हटलें तरी, जवळ बसून पाहणारा लिहितां येणारा माणूस पाहिजे.

म्हणून आमची सूचना अगदीं लहान आहे. येत्या सुटींत घरांतील मुलांना, मुलींनाहि, गांवांतील कांताऱ्याकडे घेऊन जावें. त्याला 'अरेतुरे' न करतां, त्याची सवड विचारून जावें. एका शिटीचें काम सांगावें आणि लांकडाबरोबर त्याच्या वेळेचेहि पैसे द्यावे; शिकविण्याचें मोल शिक्षकाला मिळतें तसें त्यालाहि मिळालें पाहिजे. विजेच्या खरादाजवळ मुलांनीं सैल बाह्या, ओढण्या आणि मोकळे केस घेऊन उभें राहूं नये. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि शिसवीची धूळ कित्येकांस बाधते म्हणून नाकातोंडावर फडकें बांधावें. पटाशी त्याच्याच हातांत राहूं द्यावी. मुलाच्या हातांत बूच आणि कानस द्यावी. घरीं आल्यावर मुलानें एका कागदावर मापें लिहून ठेवावींत: लांबी किती, भोंक किती, खिडकी किती, फट किती. त्याखालीं करणाऱ्या कारागिराचें नांव लिहावें. शार्ङ्गदेवाच्या पोथींत जें एक नांव राहून गेलें, तें आपल्या मुलाच्या वहींत राहूं नये.

जातां जातां आणखी एकच. भोंक आधीं आणि आकार नंतर, हा कांताऱ्याचा दंडक आम्हांस शाळेच्या भिंतीवर लिहिण्याजोगा वाटतो. मुलांच्या बाहेरच्या गोलाईची, गुणांची, बक्षिसांची, इंग्रजी उच्चारांची आपण फार घाई करतों. आंतली पोकळी सरळ झाली आहे कीं नाहीं, जेथून पुढें त्याचा स्वतःचा सूर निघावयाचा आहे ती जागा नीट मोकळी झाली आहे कीं नाहीं, हें पाहण्यास मात्र आपणांस सवड नसते. मग भिंत एकीकडे जाड राहते, एकीकडे पातळ, आणि कितीहि झिलई केली तरी सूर लागत नाहीं. कांतारी हें व्याख्यान देत नाहीं. तो चौकोनी, ओबडधोबड तुकडा उचलतो, त्याचा मध्य शोधतो आणि पहिलें भोंक पाडावयास घेतो. मुलाला त्याच्याजवळ बसवावें. बाकीचें काम तो आणि तें लांकूड करतील.